एका विद्यार्थ्याला विचारलेला प्रश्न
धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम यांची जीवनकथा



दहावी-बारावीचे निकाल लागले की आपल्या अनेक घरांत कॉलेज प्रवेशाची धावपळ सुरू होते. फॉर्म, फी, रेल्वेचा पास, हॉस्टेल या सगळ्याची काळजी आईवडील करतात. आणखी एक काळजी मात्र मनातच राहते. लहानपणी वेदीसेवा करणारा, गायनमंडळात गाणारा आपला मुलगा किंवा मुलगी कॉलेजात गेल्यावर देवाला धरून राहील का? काही महिन्यांनी मुले घरी प्रश्न घेऊन येतात. देव खरोखर आहे का? चर्चचा आजच्या जगाला उपयोग काय? आपल्याला उत्तर सुचत नाही. मग आपण रागावतो, किंवा विषय बदलतो.

हे आजचेच दुखणे आहे असे समजू नये. सुमारे दोनशे वर्षांपूर्वी पॅरिसच्या विद्यापीठात शिकणाऱ्या एका तरुणाला हेच प्रश्न पडले होते, आणि पुढे त्याला तसेच प्रश्न विचारलेही गेले. त्याने ते टाळले नाहीत. त्यातून जे उभे राहिले ते आज जगातील सुमारे दीडशे देशांत आहे. आपण सर्व जण ते ओळखतो, कारण गरिबांच्या मदतीसाठी झटणारी सेंट विन्सेंट डी पॉल सोसायटी आपल्या चर्चच्या आवारात आपण पाहत आलो आहोत. ती सोसायटी कोणा बिशपांनी किंवा धर्मगुरूंनी सुरू केलेली नाही. ती सुरू केली कॉलेजच्या मुलांनी. त्यांतला एक होता फ्रेडरिक ओझानाम.

श्रद्धाळू घर, शंकेखोर मन

फ्रेडरिकचा जन्म २३ एप्रिल १८१३ रोजी इटलीतील मिलान शहरात झाला. आईवडील फ्रेंच होते. वडील जाँ-अंत्वान नेपोलियनच्या सैन्यात होते. सैन्य सोडल्यावर ते वैद्यकीय शिक्षण घेऊन डॉक्टर झाले. नेपोलियनचा पराभव झाल्यावर मिलान पुन्हा ऑस्ट्रियाच्या ताब्यात गेले, आणि १८१६ साली हे कुटुंब फ्रान्समधील लिऑन शहरी परतले. आई मारीने चौदा मुलांना जन्म दिला, पण मोठी होऊन जगात वावरली ती फक्त तीन. थोरला आल्फोन्स धर्मगुरू झाला, धाकटा शार्ल डॉक्टर झाला आणि मधला आपला फ्रेडरिक. त्याची लाडकी बहीण एलिझा एकोणिसाव्या वर्षी वारली. मरण म्हणजे काय, हे त्या घराला कोणी शिकवावे लागले नाही.

वडील गरीब रुग्णांकडून पैसे घेत नसत. आई स्वतः गरिबांच्या घरी जाऊन आजाऱ्यांची शुश्रूषा करी. घरात रोजची प्रार्थना होती. अशा घरात वाढलेल्या मुलाची श्रद्धा कधी डळमळणार नाही असे आपल्याला वाटेल. पण पंधरा-सोळा वर्षांचा असताना फ्रेडरिकच्या मनात शंकांचे वादळ उठले. आजूबाजूला अश्रद्धेचे वारे होते. जे ऐकत होता ते मनाला पटत होते, आणि जे लहानपणापासून मानत आला ते हातातून निसटत होते. त्याला रात्री झोप येईना. तो चर्चमध्ये जाऊन गुडघे टेकी. देवाने आपल्याला सत्य दाखवले तर आयुष्यभर त्या सत्याचीच सेवा करीन, असे वचन त्याने देवाला दिले.

त्याला बाहेर काढले त्याच्या शिक्षकाने. फादर न्वारो लिऑनच्या शाळेत तत्त्वज्ञान शिकवत. त्यांनी या मुलाला शंका घेतल्याबद्दल दटावले नाही, आणि पाप केलेस असेही म्हटले नाही. ते त्याला शहराबाहेर लांब फिरायला नेत आणि चालता चालता त्याचे सगळे प्रश्न ऐकून घेत. हळूहळू फ्रेडरिकच्या मनाला स्थिरता आली. पुढे शंकेने पोळलेल्या माणसाशी तो नेहमी मायेने वागला, कारण ते चटके त्याने स्वतः सोसले होते. आपल्या घरातील प्रश्न विचारणाऱ्या मुलांच्या बाबतीत फादर न्वारोंची ही रीत आपण लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पॅरिसमधला एकटा मुलगा

१८३१ साली वडिलांच्या इच्छेप्रमाणे कायदा शिकण्यासाठी फ्रेडरिक पॅरिसला गेला. तेव्हा तो अठरा वर्षांचा होता. त्याच वर्षी लिऑनमध्ये सँ-सिमोंचे अनुयायी ख्रिस्ती धर्म संपला, आता नवा धर्म हवा, असा प्रचार करीत होते. त्यांना उत्तर देणारी एक पुस्तिका फ्रेडरिकने पॅरिसला जाण्याआधीच लिहून छापली होती.

पॅरिस शहर त्याला आवडले नाही. घरापासून दूर, ओळख ना पाळख. पहिल्या खाणावळीतली मंडळी श्रद्धेची टिंगल करणारी होती. एके दिवशी तो लिऑनचेच असलेले शास्त्रज्ञ आंद्रे-मारी अँपिअर यांना भेटायला गेला. विजेच्या प्रवाहाचे माप आपली मुले शाळेत ज्यांच्या नावाने शिकतात तेच हे अँपिअर. त्यांनी या गावाकडच्या मुलाची चौकशी केली आणि आपल्याच घरात त्याला खोली दिली. फ्रेडरिक तिथे सुमारे दीड वर्ष राहिला.

अँपिअर यांनीही तरुणपणी खूप दुःख पाहिले होते. फ्रेंच राज्यक्रांतीत त्यांच्या वडिलांचा शिरच्छेद झाला होता. त्यांची श्रद्धा हरवली होती आणि पुन्हा सापडलीही होती. असे सांगतात, की एकदा उदास मनाने फ्रेडरिक एका चर्चमध्ये शिरला, तेव्हा एका कोपऱ्यात गुडघे टेकून जपमाळ करणारा वृद्ध माणूस त्याला दिसला. जवळ जाऊन पाहतो तर ते अँपिअर! युरोपभर गाजलेला शास्त्रज्ञ साध्या बायाबापड्यांमध्ये बसून मरियामातेची जपमाळ करीत होता. विज्ञान शिकले की देव सुटतो, हे बोलणे त्या दिवसापासून फ्रेडरिकला फसवू शकले नाही.

वर्गात उभे राहणे

त्या काळी सॉर्बोन विद्यापीठातील अनेक प्राध्यापक उघडपणे ख्रिस्तसभेची निंदा करीत. श्रद्धाळू विद्यार्थी खाली मान घालून बसत. फ्रेडरिकने तशा मुलांना शोधून एकत्र केले. तत्त्वज्ञानाचे प्रसिद्ध प्राध्यापक झुफ्रुआ यांनी १८३२ साली आपल्या व्याख्यानात देवाच्या प्रकटीकरणावर हल्ला केला, तेव्हा या मुलांनी त्यांना लेखी उत्तर पाठवले. त्यावर पंधरा जणांच्या सह्या होत्या. त्यात आरडाओरड किंवा शिवीगाळ नव्हती, मुद्देसूद उत्तर होते. प्राध्यापकांनी ते भर वर्गात वाचून दाखवले आणि त्याची दखल घेतली.

एवढ्यावर ही मुले थांबली नाहीत. तरुणांना समजेल, पटेल अशा भाषेत श्रद्धेवर प्रवचने व्हावीत, अशी विनंती घेऊन ती १८३३ साली पॅरिसच्या आर्चबिशपांकडे गेली. तेव्हा अर्जावर सुमारे शंभर सह्या होत्या. पुढच्या वर्षी दुप्पट सह्या घेऊन ती पुन्हा गेली. आर्चबिशपांनी प्रथम जी व्यवस्था केली तिने मुलांचे समाधान झाले नाही, तरी त्यांनी धीर सोडला नाही. शेवटी १८३५ च्या प्रायश्चित्तकाळात फादर लाकोर्देर यांची प्रवचने नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये सुरू झाली, आणि ते भव्य मंदिर हजारोंच्या गर्दीने भरून गेले. नोत्र-दाममधील प्रायश्चित्तकाळातील त्या प्रसिद्ध प्रवचनांमागे काही विद्यार्थ्यांची चिकाटी आहे.

तो प्रश्न

इमॅन्युएल बायी नावाचे एक गृहस्थ होते. वय चाळिशीच्या जवळ, व्यवसाय वर्तमानपत्राचा. विद्यार्थ्यांसाठी ते इतिहासाचे अभ्यासमंडळ चालवत. तिथे श्रद्धावान येत तसे अश्रद्धही येत, आणि कोणालाही मनातले बोलायला मोकळीक असे. फ्रेडरिक तिथे ख्रिस्तसभेच्या बाजूने बोलत असे. ख्रिस्तसभेने युरोपला शाळा दिल्या, दवाखाने दिले, गुलामांना माणूस म्हणून वागवायला शिकवले, अशी उदाहरणे तो देई.

एके दिवशी एका विरोधी विचाराच्या विद्यार्थ्याने त्याला अडवले. ख्रिस्ती धर्माने एके काळी मोठी कामे केली हे आपण मान्य करतो, असे तो म्हणाला. पण आज काय? तुम्ही जे स्वतःला कॅथलिक म्हणवता ते तुम्ही आज गरिबांसाठी काय करता? तुमची श्रद्धा जिवंत असेल तर तुमची कामे दाखवा.

हा टोमणा होता, पण खरा होता. १८३२ साली पॅरिसमध्ये कॉलऱ्याची भयंकर साथ येऊन गेली होती. शहरात अठरा हजारांहून अधिक माणसे मेली होती, आणि त्यात सर्वाधिक हाल गरीब वस्त्यांचे झाले होते. घरोघरी विधवा आणि अनाथ मुले होती. फ्रेडरिक व त्याचे मित्र त्याच रस्त्यांवरून कॉलेजला जात. देवाच्या बाजूने ते वाद घालत होते, पण त्या घरांच्या पायऱ्या त्यांनी चढल्या नव्हत्या.

फ्रेडरिक त्या दिवशी चिडला नाही. त्याला लाज वाटली. वाद जिंकून कोणाचे पोट भरत नाही आणि कोणाचे मनही वळत नाही, हे त्याला उमगले. मित्रांना त्याने सांगितले, की आता गरिबांकडे गेलेच पाहिजे. असे सांगतात, की त्याने आणि त्याचा मित्र ल तायांदिए याने लगेच आपल्या खोलीत उरलेला जळाऊ लाकडांचा साठा उचलला आणि एका गरीब कुटुंबाला नेऊन दिला.

सात जणांची सभा

२३ एप्रिल १८३३ रोजी संध्याकाळी बायी यांच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत सात जण जमले. ओझानाम, ल तायांदिए, लामाश, लालिए, क्लावे आणि दव्हो हे सहा विद्यार्थी, आणि सातवे बायी, ज्यांना त्यांनी अध्यक्ष केले. त्या दिवशी फ्रेडरिकला वीस वर्षे पूर्ण झाली होती.

ठरले ते अगदी साधे होते. दर आठवड्याला भेटायचे. आरंभी आणि शेवटी प्रार्थना. थोडे आध्यात्मिक वाचन. मग कोणत्या घरी गेलो, काय पाहिले, काय हवे आहे याची माहिती द्यायची. शेवटी पेटी फिरवायची आणि ज्याला जे जमेल ते त्याने गुपचूप टाकायचे. आजही सोसायटीच्या सभा याच पद्धतीने चालतात.

पण कोणाच्या घरी जायचे? या मुलांना गरिबांची काहीच माहिती नव्हती. म्हणून दव्हो म्युफतार वस्तीत काम करणाऱ्या सिस्टर रोझाली रेंड्यू यांच्याकडे गेला. संत विन्सेंट डी पॉल यांच्या संघातील या धर्मभगिनी कित्येक वर्षे त्या वस्तीत झटत होत्या. त्यांनी मुलांना गरजू कुटुंबांची यादी दिली, सुरुवातीला वाटण्यासाठी पाव-मटणाच्या चिठ्ठ्या दिल्या आणि वागायचे कसे हेही शिकवले. गरिबाच्या घरी घाई करू नये. बसावे, ऐकावे. त्यांना तुच्छ लेखू नये, उपदेशाचे डोस पाजू नयेत. पॅरिसच्या विद्यापीठात शिकणाऱ्या मुलांनी हा धडा एका सिस्टरकडून घेतला. सिस्टर रोझाली यांना पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००३ साली धन्यवादित म्हणून घोषित केले.

या सोसायटीत सर्वांत महत्त्वाचे होते ते घरी जाणे. पैसे पाठवून देता आले असते, पण फ्रेडरिकने तसे होऊ दिले नाही. जिना चढून वर जायचे, त्या खोलीतला वास सोसायचा, आजाऱ्याजवळ बसायचे, लेकरांची नावे विचारायची. गरिबाला आपण काहीतरी देतो हे खरे, पण त्याच्या घरी आपली श्रद्धाही बळकट होते, असा अनुभव मुलांना येऊ लागला. फ्रेडरिकची तर खात्रीच झाली, की कॉलेजातील तरुणांची श्रद्धा टिकवायची असेल तर त्यांना गरिबांकडे न्यायला हवे.

१८३४ साली या मंडळाने संत विन्सेंट डी पॉल यांना आपले आश्रयदाते संत म्हणून स्वीकारले. त्याच वर्षाच्या शेवटी सभासद शंभरावर गेले आणि अडचण उभी राहिली. एका खोलीत मावेनात. फ्रेडरिकने सुचवले, की मंडळाचे गट पाडावेत. जुने मित्र हळहळले. इतकी जिवाभावाची मैत्री तोडायची कशी? बरीच वादावादी झाली. पण १८३५ च्या आरंभी विभागणी झाली, आणि त्यामुळेच काम पॅरिसबाहेर, मग फ्रान्सबाहेर पसरले. १८४५ साली ते अमेरिकेत सेंट लुइस येथे पोचले. एकोणिसाव्या शतकातच ते आपल्या भारतातही आले.

फ्रेडरिक या सोसायटीचा अध्यक्ष कधीच झाला नाही. कोणी संस्थापक म्हटले तर त्याला अवघड वाटे. हे काम देवाचे आहे, आपण कित्येकांपैकी एक, असेच तो मानत आला.

प्राध्यापक ओझानाम

१८३६ साली तो कायद्याचा डॉक्टर झाला. पुढच्या वर्षी वडील वारले. एका रुग्णाला पाहायला गेले असता जिन्यावरून पडून त्यांचा अंत झाला. घरची जबाबदारी फ्रेडरिकवर आली. लिऑनमध्ये त्याने वकिली केली, पण तिच्यात त्याचे मन रमेना. १८३९ साली महाकवी दान्ते याच्यावर प्रबंध लिहून त्याने साहित्यातही डॉक्टरेट मिळवली. त्याच वर्षी आईचेही निधन झाले.

लिऑन हे रेशमाचे शहर. तेथील विणकर दिवसभर राबत आणि तरी उपाशी राहत. १८३१ आणि १८३४ साली त्यांनी उठाव केला, तो बंदुकीने मोडण्यात आला. या शहरात व्यापारी कायदा शिकवताना ओझानाम यांनी मजुरीचा प्रश्न काढला. मजूर म्हणजे यंत्र नव्हे. त्याला मिळणाऱ्या मजुरीत त्याचे पोट भरले पाहिजे, मुलांचे शिक्षण झाले पाहिजे आणि म्हातारपणाची सोय झाली पाहिजे, असे त्यांनी मांडले. पोप लिओ तेरावे यांचे कामगारांविषयीचे प्रसिद्ध परिपत्रक १८९१ साली निघाले. ओझानाम हे पन्नास वर्षे आधी शिकवत होते.

१८४० साली पॅरिसमध्ये प्राध्यापकपदासाठी मोठी स्पर्धा परीक्षा झाली. ओझानाम पहिले आले. ज्या सॉर्बोनमध्ये विद्यार्थी म्हणून त्यांनी श्रद्धेची निंदा ऐकली, तिथेच सत्ताविसाव्या वर्षी ते परकीय साहित्य शिकवू लागले. १८४४ साली ते पूर्ण प्राध्यापक झाले.

आता मोह असा होता, की प्राध्यापकाच्या खुर्चीवरून प्रवचन करावे. ते त्यांनी केले नाही. खूप अभ्यास करून, तासन्‌तास तयारी करून त्यांनी आपला विषय प्रामाणिकपणे शिकवला. व्याख्यानाला निघण्यापूर्वी ते गुडघे टेकून प्रार्थना करीत. व्याख्यान संपले की विद्यार्थी त्यांच्याभोवती जमत आणि बोलत बोलत लुक्झेंबुर्ग बागेपर्यंत त्यांच्याबरोबर जात. एका तरुणाने त्यांना चिठ्ठी लिहून कळवले, की पुष्कळ प्रवचनांनी जे झाले नाही ते तुमच्या व्याख्यानाने झाले, मी पुन्हा श्रद्धेकडे वळलो.

त्यांचे सहकारी प्राध्यापक लनॉर्मां पुन्हा श्रद्धेकडे वळले, तेव्हा काही विद्यार्थ्यांनी त्यांच्या वर्गात गोंधळ घालून व्याख्यान बंद पाडायला सुरुवात केली. ओझानाम त्या गर्दीत गेले आणि मित्राच्या शेजारी उभे राहिले. तुम्ही सतत स्वातंत्र्याची भाषा बोलता, मग दुसऱ्याच्या मनाचे स्वातंत्र्य का मान्य करीत नाही, असे त्यांनी मुलांना विचारले. गोंधळ थांबला. सरकारने मात्र तो वर्गच बंद करून टाकला. सोबत उभे राहिले म्हणून प्रत्येक वेळी विजय मिळतोच असे नाही.

संसार

तरुणपणी आपण धर्मगुरू व्हावे का, हा प्रश्न ओझानाम यांना बरीच वर्षे पडला होता. लाकोर्देर डॉमिनिकन संघ फ्रान्समध्ये पुन्हा उभा करीत होते, तिकडे त्यांचा ओढा होता. जुने गुरू फादर न्वारो यांनी त्यांना विवाहाचा मार्ग सुचवला. अमेली सुलाक्रुआ ही लिऑनच्या शिक्षणाधिकाऱ्यांची मुलगी. आपल्या अपंग भावाची ती प्रेमाने सेवा करताना ओझानाम यांनी पाहिली, आणि त्यांचे मन तिच्यावर जडले. २३ जून १८४१ रोजी त्यांचा विवाह झाला. त्यानंतर दर महिन्याच्या २३ तारखेला ते न चुकता अमेलीला फुले देत. १८४५ साली मुलगी झाली, तिचे नाव मारी ठेवले. पती, पिता, प्राध्यापक अशा प्रापंचिक जीवनातूनच ते पवित्र झाले, हे आपण प्रापंचिकांनी विशेष ध्यानात घ्यावे.

बॅरिकेडसमोर

१८४८ साल फ्रान्सला रक्ताचे गेले. फेब्रुवारीत राजा पदच्युत झाला आणि प्रजासत्ताक आले. ख्रिस्तसभेने राजेरजवाड्यांची बाजू सोडून कष्टकरी जनतेकडे जावे, असे ओझानाम यांनी लिहिले. फादर लाकोर्देर व फादर मारे यांच्यासोबत त्यांनी त्यासाठी एक वर्तमानपत्र सुरू केले. पुष्कळ कॅथलिकांनी, अगदी मित्रांनीही, त्यांच्यावर टीका केली.

जूनमध्ये बेकार कामगारांनी उठाव केला. पॅरिसच्या रस्त्यांत अडथळे उभारले गेले आणि एकाच देशाची माणसे एकमेकांना मारू लागली. ओझानाम यांना वाटले, की आर्चबिशप अफ्र मध्ये पडले तर हे थांबेल. बायी व कॉर्न्युदे यांना घेऊन ते आर्चबिशपांकडे गेले. आर्चबिशपांनी ऐकले. या तिघांच्या अंगावर राष्ट्रीय रक्षकदलाचा गणवेश होता, म्हणून त्यांनी त्यांना पुढे येऊ दिले नाही आणि शांतीचा निरोप घेऊन ते स्वतः बॅरिकेडकडे गेले. तो दिवस २५ जूनचा, रविवारचा. तिथे त्यांना गोळी लागली आणि दोन दिवसांनी त्यांनी प्राण सोडला.

ओझानाम यांचा हेतू शुद्ध होता. पण त्यांनी सुचवले म्हणून एक मेंढपाळ मरणाच्या तोंडी गेला. हे दुःख त्यांच्या मनात खोल रुतले. चांगल्या हेतूने पुढे टाकलेले पाऊल कधी कधी असे येऊन आदळते. ओझानाम हताश होऊन घरी बसले नाहीत. जेत्यांच्या बाजूने आता सूडाचा आवाज चढला होता. अशा वेळी, उठाव दडपला म्हणजे गरिबी मिटली नाही, असे त्यांनी लेख लिहून धर्मगुरूंना, श्रीमंतांना आणि लोकप्रतिनिधींना बजावले. हे ऐकायला थोडेच लोक तयार होते. वर्तमानपत्र १८४९ साली बंद पडले. त्याच वर्षी कॉलऱ्याची साथ पुन्हा आली, आणि सोसायटीचे सभासद पुन्हा त्याच जिन्यांवरून आजाऱ्यांकडे जाऊ लागले.

शेवटचे व्याख्यान

ओझानाम यांची प्रकृती कधीच फारशी चांगली नव्हती. कामाच्या ओझ्याने ती ढासळली. १८५२ साली ते तापाने अंथरुणाला खिळले. व्याख्याने थांबली म्हणून विद्यार्थी कुरकुरू लागले, की प्राध्यापक पगार घेतात आणि शिकवत नाहीत. हे कानावर येताच डॉक्टर आणि अमेली नको म्हणत असतानाही ते उठले आणि सॉर्बोनला गेले. फिकट, खंगलेला चेहरा पाहून मुले शरमली आणि त्यांनी टाळ्यांचा गजर केला. आपले आयुष्य विद्यार्थ्यांचेच आहे, आणि मरण आले तर त्यांची सेवा करतानाच येईल, असे त्यांनी सांगितले. ते त्यांचे शेवटचे व्याख्यान ठरले.

हवापालटासाठी ते पिरेनीज पर्वताकडे, स्पेनमध्ये आणि मग इटलीत गेले. आजारी असतानाही तस्कनी प्रांतात सोसायटीच्या शाखांसाठी त्यांनी धडपड केली. २३ एप्रिल १८५३ रोजी, चाळिसाव्या वाढदिवशी, पिसा येथे त्यांनी आपले मन देवापुढे मोकळे केले. तरुण पत्नी, लहान मुलगी, अर्धवट राहिलेले ग्रंथ, सगळे सोडून जायचे होते. जगण्याची इच्छा त्यांनी देवापासून लपवली नाही. पण बोलावणे आलेच तर मी येतो, अशा शब्दांत त्यांनी शेवटी स्वतःला देवाच्या स्वाधीन केले.

सप्टेंबरच्या आरंभी त्यांना समुद्रमार्गे मार्सेयला आणले. धर्मगुरूंनी त्यांना देवाला भिऊ नका असे सांगितले, तेव्हा ज्याच्यावर इतके प्रेम आहे त्याला का भ्यावे, असे ते सहज बोलून गेले. ८ सप्टेंबर १८५३ रोजी, मरियामातेच्या जन्मोत्सवाच्या दिवशी, त्यांनी देह ठेवला. मारी तेव्हा आठ वर्षांची होती. पॅरिसमध्ये कार्मेलच्या संत योसेफ चर्चच्या तळघरात त्यांना पुरण्यात आले. आज त्या आवारात कॅथलिक विद्यापीठ आहे, म्हणजे ते अजूनही विद्यार्थ्यांमध्येच विसावले आहेत.

ब्राझीलमधील एक बालक घटसर्पाच्या आजारातून ओझानाम यांच्या मध्यस्थीने बरे झाले, हा चमत्कार ख्रिस्तसभेने मान्य केला. २२ ऑगस्ट १९९७ रोजी जागतिक युवा दिनासाठी पॅरिसमध्ये जगभरचे तरुण जमले असताना पोप जॉन पॉल दुसरे यांनी नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले. ज्या कॅथेड्रलमध्ये प्रवचने व्हावीत म्हणून ते सह्या गोळा करीत फिरले, तिथेच हा सन्मान झाला. त्यांचा सण ९ सप्टेंबरला येतो. त्यांच्या वाटेने पुढे अनेक विद्यार्थी गेले. इटलीच्या तुरिन शहरात इंजिनिअरिंग शिकणारा पिएर जॉर्जो फ्रासाती हाही याच सोसायटीचा सभासद होता. ७ सप्टेंबर २०२५ रोजी तो संत झाला.

आपल्यासाठी

प्रिय बंधुभगिनींनो, ओझानाम यांना विचारलेला प्रश्न आजही शिळा झालेला नाही. आपली कॉलेजची मुले तो कधी मित्रांकडून ऐकतात, कधी स्वतःच विचारतात. धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून त्यांना उत्तर मिळेल, पण ते पुरेसे होईल असे नाही. चर्चमध्ये आपण जे मानतो ते आपण सोमवारी कोणाच्या तरी घरी जाऊन करतो, हे मुलांनी पाहिले तर त्यांना उत्तर मिळेल.

आपल्या सोसायटीच्या सभासदांकडे पाहा. बहुतेक जण पन्नाशीच्या पुढचे आहेत. ते निष्ठेने काम करतात, त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे. पण ही सोसायटी वीस वर्षांच्या मुलांनी सुरू केली होती. यंदा आपल्या घरातील कॉलेजकुमाराला किंवा कुमारीला एका रविवारी या काका-मामांबरोबर एका घरी पाठवून पाहावे. उपदेश करू नये, फक्त पाठवावे. आजारी आजीजवळ तासभर बसून आल्यावर तो किंवा ती काय विचारते ते ऐकावे. प्रश्न अवघड असेल तर फादर न्वारोंसारखे सोबत थोडे चालावे.

धन्यवादित फ्रेडरिक ओझानाम यांच्या मध्यस्थीने आपल्या धर्मग्रामातील सर्व विद्यार्थ्यांसाठी, त्यांच्या शिक्षकांसाठी आणि आज कोणी तरी दार ठोठावेल म्हणून वाट पाहणाऱ्या प्रत्येक गरीब घरासाठी आपण या रविवारच्या मिस्सेत प्रार्थना करू या.